गाजरगवत आणि बेशरम : उपऱ्या वनस्पतींचे आक्रमण

भिलाई हे शहर छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेले आहे. येथे पोलादाचा कारखाना उभारण्याविषयी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. याच सुमारास पुण्यात उकिरड्यांवर वाढलेले एक अनोळखी रोपटे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले आणि १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या वेळी ते उपटून टाकणे काही माणसांच्या हातचे काम होते. आज तेच रोपटे भिलाईच्या मोकळ्या भूखंडांवर, रुळांच्या कडेला आणि भोवतालच्या शेतांच्या बांधांवर माजलेले दिसते. महाराष्ट्रात त्यास गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

आक्रमक जाती म्हणजे काय?

माणसाने आपल्या मूळ प्रदेशातून दुसरीकडे नेलेली प्रत्येक वनस्पती अपायकारक नसते. मिरची, बटाटा व पेरू हेही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. परंतु काही जाती नव्या भूमीत मानवी मदतीवाचून पसरतात, स्थानिक जातींना हुसकून लावतात आणि शेतीची, आरोग्याची वा निसर्गाची हानी करतात. अशांना आक्रमक जाती म्हणावे. मूळ प्रदेशात त्यांना आवरणारे कीटक व रोग नव्या जागी नसतात, हे त्यांच्या फैलावाचे एक मोठे कारण होय.

गाजरगवताचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण भाग. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी भारतात आले, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि भारतातील त्याच्या काही नोंदी त्याहून जुन्या आहेत. उगवल्यापासून सुमारे महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते व एकेक रोप हजारो बारीक बिया देते. वारा, पाणी, वाहनांची चाके, बांधकामासाठी वाहून नेलेली माती यांबरोबर त्या दूरवर जातात. खणलेली, उघडी पडलेली जमीन त्यास विशेष मानवते. म्हणून वाढत्या शहरांत त्याचा फैलाव झपाट्याने होतो. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे शेजारच्या रोपांची वाढ खुंटते. माणसांनाही त्याचा उपद्रव होतो : पुष्कळांच्या त्वचेस खाज व दाह होतो, तर काहींना परागकणांमुळे श्वसनाचा त्रास जडतो.

गाजरगवत नकळत आले. बेशरम मात्र मुद्दाम आणले गेले. जांभळट फुलांचे हे दक्षिण अमेरिकेतील झुडूप कुंपणासाठी व शोभेसाठी लावण्यात आले. छत्तीसगढ हा तळ्यांचा प्रदेश. अशा तळ्यांच्या काठी बेशरमाने ठाण मांडले. गुरे त्यास सहसा तोंड लावत नाहीत, खाल्ल्यास ते विषारी ठरते आणि तोडून टाकलेली फांदी ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते. लोकांनी दिलेले नाव सार्थच म्हणावे लागेल.

उपाय व त्यांच्या मर्यादा

पहिला उपाय प्रतिबंधाचा. आयात होणारे बी-बियाणे व रोपे बंदरांवर तपासण्यासाठी भारतात १९१४ पासून कायदा आहे. दुसरा उपाय त्वरित शोध : नवे रोप थोडक्या जागेत असतानाच ते समूळ काढावे. ही वेळ टळली की निर्मूलन जवळजवळ अशक्य होते. मग केवळ नियंत्रण उरते आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते.

गाजरगवताच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतील झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगेरा भारतात आणून, चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतात. परंतु कोरड्या ऋतूत तो जमिनीत निद्रिस्त राहतो आणि त्या काळात गवतास मोकळे रान मिळते. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावरही आढळल्याने चिंता उत्पन्न झाली व पुन्हा तपास करावा लागला. एका परकी जीवास आवरण्यासाठी दुसरा आणताना केवढी दक्षता हवी, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा मार्ग स्थानिकांच्या परिचयाच्या वनस्पतीचा आहे. टाकळा, ज्यास छत्तीसगढात चरोटा म्हणतात व ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, दाट वाढून गाजरगवतास दाबून टाकतो. पावसाळ्यापूर्वी पडीक जागेत त्याचे बी फेकल्यास चांगला उपयोग होतो. तणनाशकांनी गवत मरते, पण मातीतील बी शिल्लक राहते. म्हणून एकट्या उपायावर विसंबणे व्यर्थ होय.

जगाचा प्रश्न, गावाचे काम

जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय व्यासपीठाने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार माणसाने ३७,००० हून अधिक जाती नव्या प्रदेशांत नेल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक अपायकारक आहेत. २०१९ मधील त्यांची वार्षिक हानी ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक होती. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांनी ठरविले की, अशा जातींच्या नव्या आगमनाचे व स्थिरावण्याचे प्रमाण २०३० पर्यंत निदान निम्म्याने घटवावे. असे ठराव फळास येतात ते गावोगावच्या दक्षतेने.

शाळांसाठी अभ्यास

पावसाळ्याच्या आरंभी शाळेभोवतालच्या जागेचा नकाशा काढून गाजरगवत कोठे उगवले आहे ते दाखवावे. जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली व हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे आणि खड्ड्यात पुरून त्याचे खत करावे. त्वचेचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोंदी ठेवण्याचे काम पत्करावे. फुले आलेली रोपे खतात घालू नयेत. त्यांतील बी पुन्हा शेतात पोहोचते. त्याच जागेचा नकाशा पुढील वर्षी पुन्हा काढून पहिल्याशी ताडून पाहावा.