चुनखडक की डोलोमाइट?

रायपूरच्या मैदानाखाली चुनखडक, शेल आणि डोलोमाइट यांचे अतिप्राचीन थर पसरलेले आहेत. या परिसरातील सिमेंट कारखाने चुनखडकावरच उभे राहिले. परंतु चुनखडक समजून डोलोमाइट भट्टीत गेला तर त्यातील मॅग्नेशिया घातक ठरतो. तो प्रमाणाबाहेर असल्यास त्याचे काही कण सिमेंट घट्ट झाल्यावर पाण्याशी सावकाश संयोग पावून फुगतात आणि बांधकामाला कालांतराने तडे जातात.

नुसत्या डोळ्यांनी हे दोन खडक ओळखू म्हटल्यास फसगत होते. दोन्ही बहुधा करडे व बारीक कणांचे असतात. दोन्हींचा कस पांढरा. चाकूने दोन्हींवर ओरखडा उठतो. चुनखडकातील कॅल्साइटची कठिनता ३, तर डोलोमाइटची ३.५ ते ४ असते. विशिष्ट गुरुत्व अनुक्रमे २.७१ आणि सुमारे २.८५ आहे, हातातल्या ओबडधोबड तुकड्यात एवढा फरक जाणवत नाही.

अशा वेळी सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब कामी येतो. (ही खरे तर रासायनिक कसोटी, पण भूवैज्ञानिकाच्या पिशवीत हातोडीशेजारी तिलाच जागा असते.) ताज्या फोडलेल्या पृष्ठावर तो थेंब टाकताच चुनखडक जोराने फसफसतो, डोलोमाइट जवळजवळ स्तब्ध राहतो. मात्र पृष्ठ आधी झटकून घ्यावे, कारण डोलोमाइटची भुकटीही फसफसते आणि नवख्याचा निष्कर्ष तेथेच चुकतो. थर बदलला की कसोटी पुन्हा घ्यावी. मॅग्नेशियाचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच ठरते.