खपलीखालचे निरोप

खेळताना गुडघा फुटतो, रक्त येते आणि थोड्या वेळाने थांबते. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल, गरम, सुजलेली आणि ठणकणारी असते. मग खपली धरते. ती नखाने काढण्याचा मोह तुम्हांला आवरला नसेल, तर खाली लालबुंद, दाणेदार मांस दिसले असेल आणि जरासा धक्का लागताच त्यातून रक्त आले असेल. वर कातडीचा पत्ता नाही आणि खाली इतके रक्त कसे? ते दाणे म्हणजे नव्या केशवाहिन्यांची वेटोळी होत. चार-पाच दिवसांपूर्वी त्या तेथे नव्हत्या. त्यांना उगवण्याचा हुकूम कोणी दिला?

हा हुकूम देणाऱ्यांत प्रमुख आहेत त्या रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी!

रक्तवाहिनी तुटताच तेथे बिंबाणू चिकटतात व रक्ताची गुठळी बनते. पण बिंबाणू म्हणजे नुसते बूच नव्हे. ते जी प्रथिने सोडतात, त्यांच्या हाकेने पांढऱ्या पेशी धावून येतात. न्यूट्रोफिल काही तासांतच हजर होतात व जंतू गिळू लागतात. महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, दोन-तीन दिवसांनी मोठ्या संख्येने जमतात. पेशी ज्या प्रथिनांमार्फत एकमेकींना असे निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. लाली आणि सूज यांमागे या निरोपांचाही हात असतो.

मग जखम भरण्यासाठी यांपैकी कोणावाचून अडते? अमेरिकेत सिॲटल येथे रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगांवर प्रयोग करून हे पाहिले. त्यांनी प्रथम न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीशा केल्या. तरीही जंतू नसलेल्या जखमा नेहमीसारख्याच भरल्या (१९७२). पुढे महाभक्षक पेशी कमी केल्या. तेव्हा मात्र जखमेतला कचरा पडून राहिला आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशी उशिरा आल्या, हळू वाढल्या (१९७५). कचरा उचलणारी पेशीच बांधकामाची मुकादम निघाली!

तिच्या निरोपांपैकी एक खास रक्तवाहिन्यांसाठी असतो. १९८३ साली बॉस्टन येथे सेंगर, ड्वोरॅक व सहकाऱ्यांना ट्यूमरमधून रक्तवाहिन्या झिरपत्या करणारे एक प्रथिन मिळाले. १९८९ साली कॅलिफोर्नियात फेरारा यांना रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी वाढवणारे प्रथिन मिळाले. त्यांनी त्याला व्हीईजीएफ असे नाव दिले. पाहतात तो दोन्ही प्रथिने एकच!

जखमेच्या मध्यभागी रक्त पोचत नाही, म्हणून ऑक्सिजन कमी असतो. अशा गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ सोडू लागतात. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरातील एखादी पेशी त्याच्या रोखाने बोट पुढे काढते. मागच्या पेशी विभागत जातात व नळी लांबते. अशी दोन टोके भेटली की वेटोळे तयार होते व त्यातून रक्त वाहू लागते. ऑक्सिजन पोचला की निरोप आपोआप ओसरतो आणि जादा वाहिन्या विरून जातात. लाल वण काही महिन्यांनी फिकट होतो, त्याचे हे एक कारण.

निरोपांचा हा मेळ बिघडला तर? मधुमेही माणसाच्या जखमेत महाभक्षक पेशी लढाईचेच निरोप देत राहतात, बांधकामाचे अपुरे पडतात. पायाच्या नसा बधिर झाल्याने जखम झालेली कळतही नाही. ती महिनोन् महिने चिघळते व कधी पाय कापण्याची वेळ येते. म्हणून घरात कोणाला मधुमेह असेल, तर पायाची बारीकशी जखमही डॉक्टरांना दाखवायला लावा.

ट्यूमरमध्ये याच्या उलट घडते; तेथे हा निरोप थांबतच नाही. म्हणूनच ड्वोरॅक यांनी १९८६ साली ट्यूमरला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ पासून आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाते. मात्र मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर ते निदान २८ दिवस देत नाहीत, आणि त्यानंतरही टाक्यांची जागा पुरती भरली आहे ना, हे आधी पाहून घेतात.