संकल्पाचे माप

आपल्याकडे नवे वर्ष तीनदा येते. एक जानेवारीला कॅलेंडर बदलते, चैत्रात गुढी उभी राहते आणि जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हरे चढतात. तिन्ही वेळा आपण विद्यार्थी काही ना काही संकल्प करतो. पहाटे उठेन, मोबाईल कमी पाहीन, नियमित अभ्यास करीन. यांतले बरेचसे संकल्प संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंतही टिकत नाहीत. वसतिगृहातील मैत्रिणी याला आळस म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. ‘अभ्यास करीन’ म्हणजे किती, केव्हा आणि कशासाठी, हे ठरलेलेच नसते. त्यामुळे संकल्प मोडला कोणत्या दिवशी, हेसुद्धा कळत नाही. उलट ‘अधिकारी होईन’ हा संकल्प मोठा खरा, पण त्याचा निकाल दुसऱ्याच्या हाती. जागा किती निघतील आणि परीक्षा केव्हा होईल, हे आपण ठरवीत नाही. तेव्हा संकल्पाला माप हवे आणि ते माप आपल्या हातातले हवे, असे मला वाटते. आपल्याच मुलखातील काही उदाहरणांवरून हे पाहता येईल.

गावाहून साताऱ्याला येताना कराडला एस.टी. बदलावी लागते. तेथून गोळेश्वर अगदी जवळ. १५ जानेवारी १९२६ रोजी तेथे जन्मलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांची सारी कुस्ती मातीतली होती. तेथे गादीवर लढायचे होते आणि नियमही वेगळे होते. ५२ किलो गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला. पुढच्या खेपेला पदक आणीन, एवढे बोलून कोणीही स्वस्थ बसला असता. खाशाबांपाशी मात्र आता चार वर्षे होती आणि आपण कोठे कमी पडलो याचा अनुभव होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. (अशा प्राचार्यांविषयी वाचले की आपल्याही परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आठवते!) हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची त्यांची कुस्ती खूप लांबली आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असेही सांगितले जाते. त्या दोघांना सुवर्ण आणि रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. विश्रांती मिळणे किंवा न मिळणे खाशाबांच्या हाती नव्हते. त्याआधीची चार वर्षे होती.

आपल्या वयाला अधिक जवळचे उदाहरण सातारा तालुक्यातील शेरेवाडीच्या अदिती स्वामीचे आहे. तिच्या प्रकारच्या धनुर्विद्येत ५० मीटरवरून ७२ बाण मारतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे एकूण ७२०. दहाचे वर्तुळ अवघे ८ सेंटीमीटरचे, लहानशा वाटीएवढे. जून २०२३ मध्ये मेदेयीन येथील विश्वचषक स्पर्धेत तिने ७११ गुण मिळवून अठरा वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम केला आणि ऑगस्टमध्ये बर्लिनला मेक्सिकोच्या खेळाडूला १४९-१४७ असे हरवून ती जगज्जेती झाली. तेव्हा ती १७ वर्षांची होती. या खेळात एक गोष्ट मला फार आवडते. समोरची मुलगी किती मारते याच्याशी आपल्या बाणाचा काही संबंध नसतो. सरावाच्या दिवशी कोणी पाहायला नसले तरी ७२० पैकी किती, हे उत्तर रोज संध्याकाळी मिळते.

याच जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्याही सतराच वर्षांच्या होत्या. ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीची भाषणे आपण ऐकतो, पण ‘थोर समाजसेविका’ म्हणताना हे वय नजरेआड होते. शिकवण्याआधी त्यांना स्वतःला अक्षरओळखीपासून शिकावे लागले होते. ती पाटीवरची वर्षे कोणी फारशी सांगत नाही. मला भाषणांपेक्षा त्यांचेच कुतूहल अधिक आहे.

माझे वडील तासगाव तालुक्यात दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात. त्यांनी कधी संकल्प हा शब्द वापरलेला मी ऐकला नाही. पण ऑक्टोबरची छाटणी झाली की बागेत तारीख कोणी विचारत नाही. आज कितवा दिवस, एवढेच विचारतात. फवारणी, विरळणी, सारे त्या दिवसांच्या हिशेबाने. अवकाळी पाऊस आला तर माल जातो. तरी पुढच्या छाटणीला मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णांनी नातेवाइकांना सांगून ठेवले आहे, “पोरगीची पदवी होऊ दे, मग बघू.” या ‘मग बघू’चा अर्थ मला कळतो. पदवीला आता दीड वर्ष उरले आहे. मला इतिहासात एम.ए. करायचे आहे. त्यासाठीचे बरेच संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत आणि माझे इंग्रजी कच्चे आहे. म्हणून या वर्षासाठी तीनच गोष्टी लिहून काढल्या आहेत: रोज शब्दकोश घेऊन इंग्रजी ग्रंथाची पाच पाने, दर शनिवारी एक उत्तर लिहून सरांना दाखवणे, आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या पैशांतून एम.ए.च्या प्रवेशापुरती रक्कम पोस्टात बाजूला टाकणे. लग्नाची बोलणी थांबवणे माझ्या हातात कितपत आहे, ठाऊक नाही. म्हणून ते या यादीत घातलेले नाही.

वहीच्या प्रत्येक पानावर तारखेऐवजी दिवसाचा आकडा टाकते. अण्णांना ती अजून दाखवलेली नाही. मार्चअखेर बागांतली कामे आवरली की ते चार दिवस घरी असतात, तेव्हा दाखवीन. तोवर नव्वदावा दिवस आलेला असेल.