मैदानावरचा फोटो, हातातली प्रिंट

फोटो काढता येणं आणि फोटो विकता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपल्याच ग्राउंडवर आंतरशालेय खो-खो स्पर्धा भरली, तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या चौघांनी टेबल मांडलं. एक कॅमेरा, दोन लॅपटॉप, भाड्याचा प्रिंटर. खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे आणि पालक घरी निघण्याआधी प्रिंट त्यांच्या हातात द्यायची. "फोन सगळ्यांकडे आहेत, घेणार कोण?" असं रूममेट म्हणाला. पण लांबून, फोनवर, खांबावरून सूर मारणारं पोरगं टिपून दाखव म्हणावं!

आधी शटर स्पीड. समजा, मुलगी सेकंदाला ६ मीटर वेगाने पळतेय. १/५०० सेकंदात ती १२ मिमी पुढे जाते. फ्रेममध्ये ४ मीटर रुंदीचं मैदान असेल, तर ६ इंची प्रिंटवर हा सरकलेपणा जवळजवळ अर्धा मिमी भरतो, म्हणजे डोळ्याला दिसतो. १/१००० ठेवलं की तो निम्मा होतो. संध्याकाळी उजेड उतरला की आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवा दिसू लागतो. रवा चालतो, धूसर चेहरा चालत नाही. आणखी एक, बहुतेक डीएसएलआरची फ्रेम ३:२ असते आणि ४ x ६ ची प्रिंटही तीच. ५ x ७ दिली की कड कापली जाते आणि नेमका हात किंवा पाय बाहेर जातो. म्हणून आम्ही एकच साइज ठेवली.

प्रिंटर डाय-सब्लिमेशनचा. यात पिवळा, मॅजेंटा, सायन हे तीन रंग आणि वरचा पारदर्शक थर अशी रिबन असते. कागद चार वेळा पुढे-मागे फिरतो, उष्णतेने रंगाची वाफ होऊन कागदात शिरते आणि प्रिंट कोरडीच बाहेर पडते. फोटो काळा असो की पांढरा, रिबन तेवढीच जाते, त्यामुळे हिशेब सोपा. मात्र धूळ आत गेली की प्रिंटवर पांढरे ठिपके! पहिल्या तासात आमच्या सहा प्रिंट अशाच वाया गेल्या. मग प्रिंटर टेबलाखाली ओल्या चादरीच्या आडोशाला गेला.

आता खरा धडा. प्रिंटला १२ सेकंद, म्हणजे तासाला ३०० प्रिंट, असं गणित करून आम्ही खूश होतो. पण गिऱ्हाइकाला फोटो शोधायला सरासरी तीन मिनिटं लागत होती. दोन लॅपटॉप म्हणजे तासाला ४० माणसं! आणि सामना सुटला की सगळे एकदमच येणार. प्रिंटर रिकामा, रांग मात्र झाडापर्यंत. बॉटलनेक मशीनमध्ये नव्हताच, आमच्या फोल्डरमध्ये होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सामन्याआधी पाटीवर सामना क्रमांक लिहून त्याचा फोटो काढला आणि फोल्डर त्याप्रमाणे लावले. शोधायला मिनिटभर पुरलं.

हिशेब असा. मटेरियल १५ रुपये, विक्री ५०, सुटले ३५. भाडं, वाहतूक, चहा धरून ४२०० रुपये खर्च, म्हणजे १२० प्रिंट विकल्या की बरोबरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावाकडच्या संघाचे क्रीडाशिक्षक आले. "आमच्या पोरींचे फोटो नका काढू. त्या मागतील. पालक कुणाचेच आलेले नाहीत आणि माझ्याकडे एवढे पैसे नाहीत." पण फोटो काढून झाले होते, आणि स्पर्धेतला सर्वात सुंदर सूर त्यांच्याच पोरीचा होता. आम्ही बारा प्रिंट १५ रुपयांनी दिल्या. सरांनी १८० रुपये मोजून ठेवले. आमच्यातल्या एकाने विचारलं, "मग बाकीच्यांकडून ५० का घेतले?" त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. एकूण १३१ प्रिंट गेल्या, ३५ रुपये तोटा.

शेवटी संमतीचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. पुढच्या वेळी ज्यांना हे करायचंय त्यांनी प्रवेशअर्जातच पालकांच्या सहीची ओळ घालून घ्यावी. आम्ही आयोजकांच्या तोंडी परवानगीवर चाललो होतो, ते चुकलंच. आणि वापरलेली रिबन कचऱ्यात टाकू नका. उजेडात धरली तर तिच्यावर प्रत्येक चेहरा निगेटिव्हसारखा ओळखू येतो. आम्ही ती रात्री दोनपर्यंत कात्रीने कापत बसलो. अजूनही झाडू मारताना कॉटखालून निळे तुकडे निघतात.