फुलांच्या खोक्यावरील यांत्रिक चिठ्ठी

रायगडच्या किनारपट्टीत नारळ-सुपारीच्या सावलीत हेलिकोनिया व अँथुरियम ही फुले घेता येतात. गुलाबास साठवणीत २ ते ४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. या उष्ण प्रदेशीय फुलांस मात्र १२ अंशांखालील थंडी सोसत नाही, ती काळवंडतात. शीतगृहात खोके उघडले जात नाही, चिठ्ठीच वाचली जाते. चिठ्ठ्या छापून चिकटविणारे यंत्र वेळ वाचविते. परंतु ते फूल ओळखत नाही, आणि एक चूक शेकडो खोक्यांवर उमटते. म्हणून फुलाचा प्रकार बदलताच यंत्रातील नोंद बदलावी व पहिले खोके उघडून चिठ्ठीशी ताडून पाहावे. ओल्या खोक्यावर चिठ्ठी टिकत नाही; यास्तव शीतगृहात नेण्यापूर्वी खोके कोरडे असतानाच ती लावावी.