अकराव्यांदा तरी सहा पडेल का?

प्रश्न : लुडोत सलग दहा वेळा मला सहा पडला नाही. आता शक्यता वाढली ना? मुलगा ‘नाही’ म्हणतो.

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. अकराव्या वेळीही शक्यता १/६ च. आधी काय पडलं याचा फाशावर काहीच परिणाम होत नाही. प्रत्येक फेक ही स्वतंत्र घटना.

गल्लत होते ती इथे. खेळापूर्वी ‘दहा फेकींत एकदाही सहा नाही’ याची शक्यता काढायची, तर ५/६ हा अपूर्णांक दहा वेळा घेऊन गुणाकार करायचा. उत्तर येतं साधारण १६ टक्के. म्हणजे दर सहा खेळाडूंत जवळजवळ एकावर ही वेळ येते, त्यात नवल काहीच नाही! शिवाय त्या दहा फेकी आता घडून गेल्या. प्रश्न उरला एकाच फेकीचा, आणि तिचं उत्तर बदलत नाही. १६५४ मध्ये गणितज्ञ पास्कल आणि फर्मा यांचा गाजलेला पत्रव्यवहारही जुगारातल्या अशाच प्रश्नांवरून झाला होता.

फाशाचीच शंका असेल, तर तो ६०० वेळा टाकून नोंद ठेवा. सहा साधारण ८० ते १२० वेळा पडला, तर फाशावर संशय घ्यायचं कारण नाही. मुलाला सोबत घ्या, त्याला हे नक्की आवडेल.