पेटीचा सूर कुठे हरवतो

अकोला

प्रिय भाचीस,


ताई फोनवर सांगत होती, की इंझोरीच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग तुझ्या मनासारखं उतरत नाही, म्हणून तू नवं साउंड कार्ड मागवायला निघाली आहेस. जरा थांब. तू पाठवलेल्या फाइली मी हेडफोन लावून नीट ऐकल्या. प्रत्येकीतला दोष निराळा आहे आणि त्यातल्या एकाचंही खापर कार्डावर फोडण्याइतका पुरावा अजून नाही.

आधी माईक तपास. तुझ्या लॅपटॉपला एकच गोल भोक आहे. ते मोबाइलच्या हेडसेटसाठी, म्हणजे पिनेवर तीन काळ्या रेघा असतात त्या जोडणीसाठी केलेलं असतं. मंडळाच्या माईकची पिन जुन्या पद्धतीची. ती खोचली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि पडद्यावरचा स्वतःचा माईक चालू ठेवतो. पहिल्या फाइलीत बुवांचा आवाज लांबून, खोलीभर घुमत येतो, तो बहुधा यामुळेच. रेकॉर्डिंग सुरू करून माईकच्या जाळीवर नखानं हळूच खरवड, मग पडद्याच्या वरच्या कडेवर खरवड. दुसरा आवाज मोठा आला, तर मंडळाचा माईक जोडलेलाच नाही असं समज. माईक आणि हेडफोन वेगळे करणारा दोनतोंडी जोड मोबाइलच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

दुसऱ्या फाइलीनं मला खरी हळहळ वाटली. पेटीचा सूर धरला, की दोन-तीन सेकंदांत तो विरत जातो आणि पुढचा शब्द आला की पुन्हा उसळतो. पेटीचा भाता ठीक आहे, वाजवणाऱ्याचा हातही ठीक आहे. हे विंडोज किंवा साउंड कार्डाच्या सॉफ्टवेअरमधल्या गोंगाट दाबणाऱ्या सोयीचं काम आहे. ती सोय बोलण्यासाठी बनवलेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, असं धरून ती तो कापते. तिला धरलेला षड्ज आणि पंख्याची घरघर यांत फरक कळत नाही. साउंडच्या सेटिंगमध्ये माईक निवड, ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद कर. रिअलटेकचं वेगळं पॅनेल असेल, तर त्यातली ‘नॉइज सप्रेशन’ आणि ‘इको कॅन्सलेशन’ही बंद कर. भजनाच्या रेकॉर्डिंगला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या फाइलीचा सूर पेटीच्या एकाही पट्टीशी जुळत नाही, म्हणून तुम्ही गोंधळलात. सेकंदाला 48,000 नमुने घेऊन केलेलं रेकॉर्डिंग 44,100 च्या हिशेबानं वाजलं, तर चार मिनिटांचं भजन 4 मिनिटं 21 सेकंदांचं होतं आणि आवाज पेटीच्या जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. म्हणूनच तो दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकलाय. विंडोजमध्ये माईकला, स्पीकरला आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ऑडॅसिटीच्या प्रोजेक्टला, एकच आकडा दे. 48,000 ठेवलास तरी चालेल, फक्त तिन्हीकडे तोच हवा.

आता खंजिरी. तुकडोजी महाराजांमुळे ती आपल्या वऱ्हाडात रुजली, पण माईकपुढे ती फार अवघड वाद्य आहे. थाप क्षणात उसळते. पातळी दाखवणारी पट्टी 0 डेसिबलला टेकली, की लाटेचं टोक कापलं जातं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं जसंच्या तसं परत येत नाही. सगळ्यात जोरकस थाप वाजवायला सांग आणि ती उणे 12 च्या आसपास येईल इतका आवाज कमी कर. ‘मायक्रोफोन बूस्ट’ शून्यावर आणून मग लागेल तसा वाढव.

मधेच तडतड येते, ते बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवण्याची जागा, लहान पडल्याचं लक्षण. बफर 1,024 नमुन्यांचा ठेवलास, तर 48,000 वर सुमारे 21 मिलिसेकंदांचा उशीर होतो. सगळे एकदम गाणार असतील, तर तो कोणाला जाणवणारही नाही. वायफाय बंद ठेव, वीज वाचवणारी सेटिंग काढ. आधीचं ऐकत दुसरा ट्रॅक भरायचा असेल, तेव्हाच हा उशीर मोजावा लागेल. ते भेटल्यावर दाखवीन.

घुंग आवाज येतो, तो विजेचा, 50 हर्ट्झचा. चार्जर काढून बॅटरीवर एक कडवं रेकॉर्ड कर. घुंग गेली, तर दोष चार्जरच्या वाटेनं येतोय. वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घे. प्लगची जाडी पिन मात्र कोणाच्याही सल्ल्यानं काढू नकोस, त्यात जिवाला धोका आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय बदललंस ते वहीत लिही, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. एवढं करूनही मागे ‘सूं’ राहिली, तर ती लॅपटॉपच्या कमकुवत माईक इनपुटची असेल. तेव्हा दोन माईक लागतील असं, उशीर कमी ठेवणारा स्वतःचा असिओ ड्रायव्हर असलेलं बाहेरचं कार्ड घेऊ. निवडायला मी येईन.

तोवर पेटीचा धरलेला एक सूर, खंजिरीच्या थापा आणि कोणीही काही न बोलता रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट, अशा तीन वेगळ्या फाइली पाठव. एमपीथ्री नको, वेव्हमध्ये पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा